नोंदीबाहेरचे तास

वसईच्या एका अनुदानित महाविद्यालयातील मराठीच्या प्राध्यापिका तासिका आटोपून सामवेदी बोलीतील शब्द टिपण्यासाठी निर्मळ, भुईगावच्या वाड्यांतून हिंडत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लघुसंशोधन प्रकल्पाच्या हिशेबात पुस्तके, प्रवास, लेखनसामग्री यांचे रकाने होते. संशोधकाच्या वेतनाचा नव्हता. ते योग्यच होते. त्यांचे वेतन राज्य शासन देत असे, आणि एकाच तासाचे मोल दोन खात्यांवर टाकणे ही अफरातफरच ठरली असती. उपयोगिता प्रमाणपत्रावर सनदी लेखापालाची सही झाली; पै न पै जुळली. परंतु वृद्धांच्या ओटीवर एखाद्या विसरलेल्या शब्दाची वाट पाहण्यात गेलेले तास कोठेच उमटले नाहीत. त्या तासांचे वेतन नको होते. नोंद हवी होती. नोंदीवाचून संशोधन हा अध्यापकाच्या फावल्या वेळेचा छंद ठरतो.