बोरूची पकड आणि एकच रबर

बॅट बोरूसारखी धरणाऱ्या टेबल-टेनिसपटूच्या पालकांस आमचें सांगणें असें कीं, रबर झिजलें असें मुलानें म्हणतांच दुकान गांठूं नये. आधीं तें ओल्या फडक्यानें पुसून पाहावें. आमच्या बीडकडील धूळ पुष्कळदां झिजेचें सोंग घेते. पुसूनही चेंडूस फिरकी बसेना तर नवें घ्यावें, परंतु एकच. या पकडीचा जुन्या रीतीचा खेळाडू दोहींकडचे फटके एकाच बाजूनें मारतो.

सन १९५२ मध्यें मुंबईच्या जागतिक स्पर्धेंत जपानचे हिरोजी सातो याच पकडीनें, जाड स्पंजाच्या बॅटीनें विजेते ठरले. जाडीचा मोह तेव्हांपासूनचा! १९५९ पासून रबर व स्पंज मिळून ४ मिलिमीटरांची मर्यादा आहे. शिकाऊ हातास सुमारें १.८ मिलिमीटरांचा स्पंज पुरे. चेंडू आवरतो व मनगट शिणत नाहीं. साधें चिनी रबर चालेल. आंतरराष्ट्रीय महासंघाचें चिन्ह तेवढें पाहावें, नाहीं तर स्पर्धेंत पंच बॅट नाकारतील.

ऊसतोडीच्या उचलींतून पैसे काढणाऱ्या एका पित्यानें विचारलें, “मास्तर, मागल्या बाजूचें कधीं?” आम्ही म्हटलें, “पोर त्या बाजूनें मारूं लागेल तेव्हां. तोंवर पुढचें लाल घ्या, मागची बाजू काळी रंगवा. चकाकी मात्र नको.”