एक स्टॉप

आमच्या धंद्यात उजेड ‘थोडा’ किंवा ‘जास्त’ असा मोजत नाहीत. ‘एक स्टॉप उघड’, ‘चेहरा दीड स्टॉप अंडर आहे’ एवढं म्हटलं की समोरच्याचा हात बरोबर जागी जातो. कॅमेऱ्यातल्या सगळ्या शब्दांत मला हाच सर्वांत कामाचा वाटतो.

स्टॉप वाढला की उजेड दुप्पट, घटला की निम्मा. एकोणिसाव्या शतकात स्टॉप ही हातात धरायची वस्तूच होती. 1858 साली इंग्लंडमध्ये जॉन वॉटरहाउस यांनी लेन्सच्या नळीला खाच ठेवून तिच्यात भोकाच्या पट्ट्या सरकवायची पद्धत मांडली; लहान भोकाची पट्टी जास्त उजेड अडवायची. पट्ट्या गेल्या, कड्यावर आकडे आले: 2.8, 4, 5.6, 8, 11, 16. आकडा वाढतो तसं भोक लहान होतं आणि दर पायरीला त्याचं क्षेत्रफळ निम्मं होतं.

पण स्टॉप फक्त या भोकाचा, म्हणजे अ‍ॅपर्चरचा नाही; शटर आणि आयएसओही स्टॉपमध्येच मोजतात, आणि खरी गंमत तिथेच आहे. जेजुरी गडावर भंडारा उधळला जातो तेव्हा हवेत फुटलेल्या मुठीचा कण न् कण पकडायचा, तर शटर 1/1000 तरी हवं. लख्ख उन्हातला जुना आडाखा असा: आयएसओ 100, शटर 1/125, अ‍ॅपर्चर 16. शटर 1000 वर नेलं की तीन स्टॉप गेले. ते अ‍ॅपर्चरकडून घेतले तर 11, 8, 5.6 असं उघडत यायचं. उजेड तेवढाच राहतो, पण लांबच्या लेन्सवर मागची दीपमाळ मऊ होते. दीपमाळही धारदार हवी असेल तर अ‍ॅपर्चरला हात न लावता आयएसओ 800 करायचा आणि थोडा नॉइज सोसायचा. तीन स्टॉप कुठून आणायचे, हे ठरवतानाच फोटो कशाबद्दल आहे ते ठरतं. मोबाइल हा निर्णय परस्पर घेऊन टाकतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शिवाय मीटरला पिवळ्याचं तेज कळत नाही. भंडाऱ्याने भरलेली फ्रेम तो करडेपणाकडे ओढतो, हळद मळकट दिसते. म्हणून पाऊण ते एक स्टॉप उघडावं, त्यापुढे मात्र जपून. गडद पिवळ्यात लाल चॅनल आधी उडतो आणि मग भंडाऱ्याचा नुसता सपाट डाग उरतो.

शिकायला येणाऱ्या मुलांना मी खिडकीशी बसलेल्या माणसाचा चेहरा दाखवतो. उजेडाची बाजू आणि सावलीची बाजू यांत किती स्टॉपचा फरक आहे, ते आधी अंदाजाने सांगायचं, मग मीटरने मोजायचं. अंदाज बहुतेक वेळा कमी निघतो, कारण डोळा सावलीला लगेच सरावतो. फरक तीन स्टॉपच्या वर गेला की सावलीच्या बाजूला थर्माकोलची शीट धरायला सांगतो आणि पुन्हा मोजायला लावतो.