पत्र्याच्या टॉकीजचं दप्तर

मुंबई-आग्रा रस्त्याने धुळ्याहून शिरपूरकडे निघालं की सोनगीर लागतं. टेकडीवरचा किल्ला आणि तांब्या-पितळेची भांडी ही गावाची जुनी ओळख. वारशाची यादी करायला कोणी बसलं तर या दोन गोष्टी विनातक्रार तिच्यात जातील. सिनेमा जाणार नाही. मुंबईत मात्र तो गेला आहे. १९३३ चं रीगल आणि १९३८ चं इरॉस ज्या आर्ट डेको इमारतींच्या रांगेत येतात, त्या परिसराला युनेस्कोने २०१८ साली जागतिक वारसा ठरवलं. त्या ठरावाची कसोटी वास्तुकलेची होती आणि मुंबईपुरती ती रास्तच आहे. तीच कसोटी खानदेशातल्या तालुक्याच्या टॉकीजला लावली, तर हाती काय लागतं? पत्र्याचं छप्पर, गोदामासारख्या भिंती आणि दर्शनी बाजूला थोडासा सिमेंटचा नखरा. माझं म्हणणं असं की छोट्या गावांच्या टॉकीजचा वारसा इमारतीत शोधणंच चुकीचं आहे. तो टॉकीजच्या कागदांत, यंत्रांत आणि ती चालवणाऱ्यांच्या हातांत आहे, आणि जपायचं तर ते आधी जपायला हवं.

मुळात सिनेमा खेड्यात आला तोच इमारतीशिवाय. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्यानंतर सिनेमा गावोगाव पोचवला तो तंबूवाल्यांनी. जत्रांच्या पंचांगावर त्यांचा हंगाम ठरे. कनात, पडदा, प्रोजेक्टर आणि जनरेटर एवढा संसार गाडीवर घालून ते एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत जात. सोनगीरसारख्या मोठ्या रस्त्यावरच्या गावांना दोन्ही सोयी होत्या. तंबू आला तर तंबूत बसायचं, नाही तर धुळं गाठायचं. पुढे तालुक्यांना पक्की टॉकीज झाली, आणि त्यांच्यामागे एक अख्खी व्यवस्था उभी राहिली. जळगाव-भुसावळकडचा भाग सिनेमाच्या धंद्यात मुंबईशी नव्हे, ‘सीपी-बेरार’ या वितरण-विभागाशी जोडलेला. सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन ही वितरक आणि टॉकीजवाल्यांची संघटना, तिचं मुख्य ठाणं भुसावळ. जंक्शन असलेल्या या गावाला सिनेमाच्या नकाशावर एवढं वजन होतं, हे आज भुसावळातल्या तरुणालाही सांगावं लागेल. रिळांच्या पत्र्याच्या पेट्या रेल्वेने नाही तर एसटीने येत, आणि पेटी चुकली की दुपारचा खेळ बोंबलला.

आता कागदाकडे वळू. टॉकीजवाल्याला रोजच्या गल्ल्याचा तक्ता भरावा लागे. त्याला सगळे डीसीआरच म्हणत. कुठला खेळ, कुठला वर्ग, पहिल्या तिकिटाचा नंबर, शेवटच्याचा नंबर, दर, त्यातला करमणूक कर, उरलेली रक्कम. मुंबई इलाख्यात करमणूक कराचा कायदा १९२३ चा. म्हणजे प्रत्येक फाडलेल्या तिकिटावर सरकारचा डोळा होता. खानदेशात एवढ्या बारकाईने मोजलेली करमणूक दुसरी कुठली असेल असं मला वाटत नाही. असे वर्षभराचे तक्ते ओळीने लावले, तर कापसाचा पैसा हातात आल्यावर बाल्कनी भरत होती का, दुष्काळात आधी कुठला वर्ग ओस पडला, पौराणिक चित्रपट किती आठवडे टिकला, हे ताडून बघता येतं. २०१७ साली जीएसटी आला, करमणूक कर त्यात गेला आणि कराच्या हिशेबाचा हा सिलसिला संपला.

हातातल्या कसबाचंही तसंच आहे. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमके. प्रेक्षकाच्या तो सहसा लक्षात येत नसे. ऑपरेटर तो दिसताच दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करी, आणि काही सेकंदांनी दुसरा ठिपका आला की खटका ओढून पडदा एका यंत्राकडून दुसऱ्याकडे सोपवी. डिजिटल आल्यावर हे सगळं एका झटक्यात निरुपयोगी झालं. प्रोजेक्टर किलोवर विकले गेले. रिळांतली चांदी काढून घेणारे तर आधीपासूनच होते. सोनगीरच्या भांडीबाजाराला मोडीचा व्यवहार नवा नाही. फरक एवढाच की मोडीतल्या पितळेचं पुन्हा भांडं होतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: लोकांनी जे टाकून दिलं ते कशाला कवटाळायचं? मोबाइलवर सिनेमा आहे, सुटसुटीत आहे. मान्य. बंद पडलेलं टॉकीज अनुदान देऊन चालवा असं मी म्हणतच नाही. रिकाम्या खुर्च्यांना दाखवलेला सिनेमा म्हणजे जतन नव्हे. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. त्या टॉकीजमध्ये विडीचा धूर होता, ढेकूण होते, बायकांची बसायची जागा वेगळी होती; त्याचं कौतुक कशाला? कौतुक नकोच. टॉकीजच्या आठवणी लिहिणारे बहुतेक पुरुष असल्याने शिट्ट्या आणि उडवलेली चिल्लर तेवढी उरली आहे. बायकांच्या वर्गाची तिकिटं किती खपली, हे आठवणी सांगणार नाहीत; डीसीआर सांगेल. तिसरं म्हणणं, सामूहिक अनुभवच गेला तर कागदांनी काय होणार? पण तो गेलेला नाही. याच रस्त्यावरच्या मालेगावात व्हिडिओ पार्लरच्या पोरांनी ‘मालेगाव के शोले’ काढला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्याच मोहन टॉकीजमध्ये सलमानच्या चित्रपटाला प्रेक्षकांनी आत फटाके फोडले. जीवघेणा मूर्खपणाच तो, पण अनुभव मेल्याचं लक्षण नाही.

कागद जपण्याची परंपरा धुळ्याला शिकवायची गरज नाही. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली इथेच वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. वाड्यांच्या माळ्यांवरचे कागदांचे रुमाल सोडून राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढले. त्या रुमालांत हिशेब, पावत्या, तक्रारी असलं सामान्यच पुष्कळ होतं. चित्रपट-संग्राहक पी. के. नायर यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ची उरलीसुरली रिळं मिळवली तीही नाशिकला फाळक्यांच्या घरच्यांकडून. चांगलं साधन घरात असतं आणि घर आवरताना जातं. तेव्हा टॉकीजच्या वारसदारांनी जागा बिल्डरला देण्याआधी ऑफिसचं कपाट तेवढं मंडळासारख्या संस्थेला दाखवावं, आणि संस्थांनीही सिनेमाचे कागद म्हणून नाक मुरडू नये. कागद अजून पाचदहा वर्षं वाट पाहतील. ऑपरेटर आणि डोअरकीपर सत्तरीकडे झुकले आहेत. मोबाइल घेऊन आधी त्यांच्याकडे जा, आणि बोलू द्या त्यांना त्यांच्या अहिराणीत.