गंगापूर रस्त्यावरच्या दोन जावा

नाशिकला आलं की रामकुंड, काळाराम, सीतागुंफा एवढं करून आपण मोकळ्या होतो. वेळ उरला तर चिवडा बांधून घ्यायचा आणि त्र्यंबकची गाडी धरायची! मैत्रिणींनो, पुढच्या खेपेस अर्धा दिवस जास्त काढा आणि गंगापूर रस्त्याला लागा. पेशव्यांच्या घरातल्या दोन जावांचे दिवस या गोदाकाठी गेले आहेत.

आधी लागते आनंदवल्ली. आता ती शहरातच आली आहे. राघोबादादांनी इथे वाडा बांधला आणि गावाला पत्नीचं, आनंदीबाईंचं नाव दिलं. जवळच नदीकाठी नवश्या गणपती आहे. मुलासाठी बोललेल्या नवसाची कथा त्याच्याशी जोडलेली आहे. मुलाची ही ओढ काही आपल्याकडचीच नव्हे. त्याच शतकात इंग्लंडात डेव्हनशायरची डचेस जॉर्जियाना हिचं लग्न १७७४ साली झालं. दोन मुली झाल्या, पण वारस मुलगा १७९० साली झाला. सोळा वर्षं सासरचे डोळे तिच्याकडे लागलेले! घर वाड्याचं असो की महालाचं, बाईची परीक्षा एकच.

रस्त्याने पुढे सोमेश्वर, आणि त्याच्याही पुढे गंगापूर. इथे थोरल्या जाऊबाई, नानासाहेबांच्या पत्नी गोपिकाबाई येऊन राहिल्या. रास्त्यांची ही लेक पेशव्यांच्या घरात आली, तीन पेशव्यांच्या संसाराची साक्षी झाली. पण तिच्या पदरात काय पडलं ते पाहा. जानेवारी १७६१ मध्ये थोरला विश्वासराव पानिपतावर गेला. त्याच वर्षी जूनमध्ये पती गेले. १७७२ साली माधवराव थेऊरला क्षयाने गेले, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी. सून रमाबाई सती गेली. राहिला धाकटा नारायणराव. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात त्याचा खून झाला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता.

आपल्या घरी दोन जावांची कुरबुर डब्यातल्या साखरेवरून होते आणि संध्याकाळच्या चहाला विरूनही जाते. इथे प्रश्न पेशवेपदाचा होता. थोरलीच्या मुलाने गादीवर बसायचं की धाकटीच्या नवऱ्याने?

‘ध’ चा ‘मा’ तुम्हाला ठाऊकच आहे. शाळेत हा धडा शिकवताना मुली पहिला प्रश्न आनंदीबाईंबद्दलच विचारतात. मी त्यांना सांगते, रामशास्त्र्यांनी दोषी धरलं ते राघोबादादांना. आनंदीबाईंनी अक्षर बदललं, याचा पक्का पुरावा आजवर मिळालेला नाही. तरी म्हणीत नाव अडकलं ते बाईचंच!

१७८३ साली राघोबादादा कोपरगावला वारले. धाकटा चिमाजी जन्मला तो त्यांच्या मागे, १७८४ साली. पुढे मुलांना घेऊन आनंदीबाई पुणे दरबाराच्या नजरेखाली दिवस काढत राहिल्या आणि १७९४ साली आनंदवल्लीलाच गेल्या. मुलगा बाजीराव १७९६ मध्ये पेशवा झाला, पण ते पाहायला त्या नव्हत्या.

गोपिकाबाईंनी मात्र दुःख कवटाळून हातपाय गाळले नाहीत. रामकुंडाची दुरुस्ती त्यांनी करवली, असं गॅझेटिअरात नोंदलेलं आहे. नारायणरावांचा मुलगा सवाई माधवराव बापाच्या मागे जन्मलेला, आईही लहानपणीच गेलेली. त्या नातवाला आजीने पत्र लिहून दिनक्रम घालून दिला: पहाटे कधी उठावं, व्यायाम, पूजा, अभ्यास, राज्याचं काम कसं करावं, इथपर्यंत. तीन मुलगे गमावलेली बाई नातवाच्या झोपेची आणि अभ्यासाची काळजी वाहते आहे! आपल्या घरातली कुठली आजी याहून वेगळं लिहील?

तेव्हा सकाळी लवकर निघा. आनंदवल्ली, नवश्या गणपती, सोमेश्वर आणि गंगापूर असा क्रम ठेवलात तर दुपारच्या जेवणाला नाशकात परत याल. पावसाळ्यात गेलात तर सोमेश्वरचा धबधबाही भरून वाहताना दिसेल. वाड्यांचं ते वैभव आता राहिलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते. मुलींना मात्र बरोबर न्या. गणपतीला हात जोडून झाले की दोन्ही जावांची हकीकत त्यांना सांगा, आणि धाकटीची सांगताना पुरावा नाही हेही सांगायला विसरू नका.