टॉबी, काळ्या आणि आपला उंबरठा



'आम्हाला कुत्र्यापेक्षाही वाईट वागवलं' हे वाक्य आपण आपल्या सभांमधून किती वेळा बोललो असू? मीही बोललो आहे. म्हणूनच मागच्या डिसेंबरात मी एक म्हातारा कुत्रा घरी आणला, तेव्हा इथे कळंबमध्ये माझ्याच कार्यकर्त्यांनी मला घेरलं. "भाऊ, माणसाचे प्रश्न संपले काय?" बाहेरच्याला उत्तर देणं सोपं असतं. हा प्रश्न घरातला होता.

काळ्या एका एसटी स्टँडवर राहायचा. गळ्यावर पट्ट्याचा जुना वण, म्हणजे कधीतरी कुणाच्या घरचा. म्हातारपणी सोडून दिला असावा. जनावर असं वाऱ्यावर सोडणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण पहिल्या वेळी दंड किती? 10 ते 50 रुपये! मोटरसायकलच्या धडकेत त्याचा मागचा पाय गेला होता. यवतमाळच्या काही पोरांनी उचलून उपचार केले. तेवढ्यात 7 नोव्हेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला: शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं इथली भटकी कुत्री हलवा आणि परत तिथे सोडू नका. पाय बरा झाला, पण त्याला जागा उरली नाही.

आईने दारातच अडवलं. "कायले आणलं रे बापू हे? पाटलाच्या ओसरीवर त्याचं कुत्रं लोळे, अन् माह्या बापाले अंगणाच्या बाहेर उभं राहा लागे."

यावर मी काय बोलणार होतो? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाची संपत्ती म्हणून कुत्री आणि गाढवं नेमून दिली आहेत. चवदार तळ्यावर जनावरं पाणी पीत होती, आपल्याला बंदी होती. ती 20 मार्च 1927 ला मोडली आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला ती मनुस्मृती जाळली. 1931 मध्ये मणिभवनात बाबासाहेबांनी गांधींना सुनावलं, तेव्हाही कुत्र्या-मांजरांचा दाखला दिलाच. पण फेब्रुवारी 1934 चा राजगृहातला फोटो आठवा. यशवंत, रमाई, लक्ष्मीबाई, मुकुंद आणि बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबी. मला यात विसंगती दिसत नाही. पायऱ्या कुत्र्याने बांधल्या नव्हत्या. ज्यांनी त्याला ओसरीवर घेतलं आणि माणसाला बाहेर ठेवलं, भांडण त्यांच्याशी आहे.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. पहाटे झाडू मारणारी बाई, कचरा वेचणारी पोरं, उन्हाळ्यात अंगणात झोपणारी वस्ती, कुत्रं चावतं ते यांना. गाडीतून उतरून दुसऱ्याच्या दारासमोर बिस्किटं टाकायची आणि पुण्य घेऊन बंगल्यात जायचं, ही कसली करुणा? मैत्री भावना म्हणायची तर जनावर आपल्या उंबरठ्याच्या आत घ्या, लस आपल्या पैशाने द्या, त्याची चूक आपल्या अंगावर घ्या.

ती वेळ माझ्यावर चौथ्याच दिवशी आली. काळ्या झोपला होता, पुतण्याने मागून त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याने झडप घातली. पोटरीवर ओरखडा, थोडं रक्त. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुतली, लगेच दवाखान्यात नेलं, पुढचे सगळे डोस तारखेवर दिले. काळ्याला लस आधीच दिलेली होती, तरीही. चूक माझी होती. त्याला जवळजवळ ऐकू येत नाही, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आता घरात नियम आहे: समोरून यायचं, जमिनीवर पाय आपटायचा, तो झोपेत किंवा जेवत असताना पोरांनी जवळ जायचं नाही.

बाकी शिकत गेलो. पहिल्याच दिवशी आंघोळ घालायला निघालो होतो, डॉक्टरांनी थांबवलं. त्याला कोपरा द्या, दोन दिवस कुणी हात लावू नका, म्हणाले. शहाबादी फरशीवर त्याचे पाय फाकायचे, म्हणून कोपऱ्यापासून दारापर्यंत पोती अंथरली. फाटक कायम बंद, कारण नवं कुत्रं जुन्या जागेच्या ओढीने निघतं आणि आपल्याकडे नागपूर-तुळजापूर महामार्ग आहे. दिवसातून दोनदा मऊ भात, उकडलेलं अंडं. कांदा-लसणाचा रस्सा नाही, शिजलेली हाडं नाहीत. (रविवारी हे पाळणं किती अवघड जातं, ते आपल्या घरात जेवलेल्यांना सांगायला नको.) पाय दुखतो म्हणून माणसाची गोळी तर मुळीच नाही, ती कुत्र्याचा जीव घेऊ शकते.

आता 14 एप्रिल येतोय. मिरवणूक आमच्या दारावरून जाते, आणि ऐकू कमी आलं तरी डीजेचा हादरा त्याला जमिनीतून कळतो. गावात लग्नाचा डीजे वाजला तेव्हा तो दोन दिवस जेवला नाही. घरासमोर आवाज कमी करा, असं मी सांगणार नाही. वर्षभर सगळे आवाज ज्यांना चालतात आणि फक्त जयंतीचा कानाला लागतो, त्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नाही. मग तेवढा वेळ मीच आत थांबायचं ठरवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

हे आईला सांगितलं, तेव्हा ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तू जाय रॅलीत. मी बसतो त्याच्यापाशी."

कालपासून त्याची पोती मागच्या खोलीत टाकली आहेत, म्हणजे तोवर त्याला तिथली सवय होईल.