आत्याबाईंचा मोबाइल

जुन्या मोबाइलांचें हल्लीं जें कौतुक चालतें, त्यांत त्या यंत्रांच्या गुणांपेक्षां गेलेल्या दिवसांचें ममत्वच अधिक असतें, असें आमचें बरीच वर्षें मत होतें. तें बदलण्यास जो प्रसंग कारण झाला तो आम्हांस भूषणावह नाहीं. परंतु तो सांगितल्यावांचून त्या यंत्राची परीक्षा पुरी होणार नाहीं.

दापोली तालुक्यांत केळशीस आमच्या आत्याबाई एकट्या राहतात. येणाऱ्या फोनचे पैसे पडणें २००३ सालीं बंद झालें, आणि पुढल्याच वर्षीं आम्हीं त्यांस नोकियाचा ११०० नेऊन दिला. फिनलंडच्या या कंपनीनें तो २००३ मध्यें काढला, तो आपल्यासारख्या देशांतील धूळ, घाम आणि अंधार ध्यानांत घेऊन. जगभर त्याचे सुमारें २५ कोटी नग खपले. वजन ८६ ग्रॅम, पडदा एकरंगी, आणि नांवें मावत अवघीं ५०. कळांवर एकसंध रबरी आवरण असल्यानें आंत धूळ शिरत नसे, आणि माथ्यावर विजेरी होती.

हें सारें जाहिरातींतही होतें. जाहिरातींत नव्हतें तें आत्याबाईंच्या अंगठ्यानें शोधून काढलें. पांचाच्या कळेवर एक बारीक उंचवटा असतो. मोतीबिंदूनें दृष्टि मंदावल्यावर त्या उंचवट्यावरून त्या सारे आंकडे चांचपून ओळखीत. दोनाची कळ दाबून धरली कीं आमचा नंबर लागेल, अशी योजना आम्हीं करून दिली होती. नारळ खवतां खवतां ओल्याच हातानें त्या आम्हांस हांक मारीत. खाऱ्या वाऱ्यानें दारांच्या कड्याकोयंड्यांस गंज चढला, कळा मात्र अडकल्या नाहींत. रात्रीं विहिरीकडे जातांना खुणेची कळ दाबून धरली कीं वाटेपुरता उजेड पडे. यंत्र निर्दोष होतें असें नव्हे. इंग्रजी 'एस' उमटविण्यास साताची कळ चार वेळां दाबावी लागे. आम्हांस तर त्यावर चार ओळींचा निरोप लिहिणें ही शिक्षाच वाटे. आत्याबाईंनीं जन्मांत कधीं निरोप लिहिला नाहीं, त्यामुळें त्यांची तक्रार नव्हती.

२०१९ सालीं आमच्या नातीचें तोंड त्यांस दिसावें म्हणून आम्हीं कांचेचा मोबाइल नेला. तोंड दिसलें, त्या हरखल्या, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण सपाट कांचेवर अंगठ्यास कांहींच सांपडेना, आणि ओलें बोट तर ती जुमानीच ना. "अरे, ह्याला हात लावण्याआधीं हात पुसावे लागतात," असें त्या एकदां म्हणाल्या. आम्ही हंसलों. नव्या यंत्राच्या बारीक खांचेंत बसावें म्हणून जुनें सिम कापून घेतलें होतें. कापून उरलेली प्लॅस्टिकची चौकट आम्हींच केरांत टाकली. जुना मोबाइल आत्याबाईंनीं विजेरी म्हणून ठेवून घेतला.

३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ आलें. माडपोफळी आडव्या झाल्या, वीज गेली, मोबाइलचे मनोरे मुके झाले. त्या दिवसांत कोणतेंही यंत्र बोललें नसतें. जुन्याच्या नांवावर चमत्कार लिहिण्याची आमची इच्छा नाहीं. पण आठव्या दिवशीं उंचावर थोडी रेंज मिळते अशी बातमी वाडींत आली, तेव्हां कांचेचा मोबाइल केव्हांच निजला होता, आणि जुन्याच्या बॅटरीच्या दोन रेघा शिल्लक होत्या. आत्याबाईंनीं शेजारच्या मुलाकडून सिम काढविलें. तें नखाएवढें सिम जुन्या खांचेंत ठरेना. आणखी तीन दिवसांनीं दापोलीकडे निघालेल्या एका गृहस्थानें तेथून आम्हांस फोन केला, तेव्हां त्या सुखरूप असल्याचें कळलें. ते अकरा दिवस आमच्या घरांत कसे गेले तें लिहीत नाहीं.

दिवाळीनंतर जाणें झालें, तें सिमची चौकट बरोबर घेऊनच. आत्याबाई विळीवर नारळ खवत होत्या. सिम बसवून आम्हीं तो मोबाइल त्यांच्यापुढें धरला. त्यांनीं हात पुसला नाहीं, पडद्याकडे पाहिलेंही नाहीं. खोबऱ्यानें माखलेल्या अंगठ्यानें पांचावरून वर सरकून दोनाची कळ दाबून धरली. आमच्या खिशांतला फोन वाजूं लागला.

"उचल कीं," आत्याबाई म्हणाल्या.