न मिटणारं वर्तुळ

उजवा खांदा आखडल्यापासून माझं वर्तुळ मिटत नाही. खडू फिरून येतो तो सुरुवातीच्या टोकाच्या दोन बोटं खाली. तीस वर्षं कंपास न घेता एका झटक्यात वर्तुळ काढत आलो. मुलं टाळ्या वाजवायची आणि मी ऐकलंच नाही असा चेहरा करायचो.

यंदा जूनपासून दहावीची भूमिती वर्गातल्या डिजिटल पॅनेलवर, जिओजेब्रा या सॉफ्टवेअरमध्ये शिकवतो. अंतर्लिखित कोनांना त्याची तोड नाही. शिरोबिंदू बोटाने कंसावरून सरकवत न्या, माप जागचं हलत नाही. फळ्यावर मी तीन कोन काढून ‘हे सारखेच आहेत’ म्हणायचो आणि ते हमखास वेगळे दिसायचे.

अडतं ते स्पर्शिका-छेदिकेच्या प्रमेयापाशी. आकृती एकदम समोर येते. पक्षातली रेघ कुठली, सिद्धतेसाठी आपण जोडलेली कुठली, मुलांना उमगत नाही. म्हणून रेघा लपवून एकेक उघडतो. तरी ती रेघ उघडलेलीच दिसते, काढलेली नाही. बोटाने काढावी तर बोटाच्या मागून रेंगाळत येते. बाही टेकली की भलतीकडेच उमटते. ‘‘सर, बाही!’’ अख्खा वर्ग ओरडतो. हल्ली बाह्या दुमडूनच वर्गात शिरतो.

शेजारच्या तुकडीवरचे आमचे मित्र व्हिडिओ लावून खिडकीशी उभे राहतात. त्याला मी शिकवणं म्हणत नाही. मुलांना ते सर आवडतात, हे मला त्याहून खुपतं.

परवा एका मुलीला विचारलं, नववीतला फळा बरा की हे पॅनेल? उत्तर मी गृहीतच धरलं होतं.

‘‘फळ्यावर तुम्ही मधेच थांबून खोडायचात, सर. तेव्हा कळायचं, कुठे चुकू शकतं ते. पॅनेलवर तुमचं काही चुकतच नाही.’’

एवढ्यावर थांबायला हवं होतं. ‘‘आणि माझं वर्तुळ?’’

‘‘भारी असायचं. पण आम्ही तेच बघत बसायचो. प्रमेय राहून जायचं.’’

पॅनेल बसवलं तेव्हा फळ्याची हातभर पट्टी बाजूला उरली. पॅनेल सुरू होईपर्यंत मी तिथे एक वर्तुळ काढून घेतो. मिटत नाही. वर्ग तेव्हा पडद्यावर गरगरणाऱ्या त्या इवल्याशा चक्राकडे बघत असतो.